ससोबांचा उपास

ना भुंकणं, ना सकाळ-संध्याकाळ फिरवायला नेण्याची कटकट... फ्लॅटमध्ये राहणाऱ्या यंग मंडळींना ससा एकदम सोयीचा पेट वाटतो. पण हाच शांत ससोबा एक दिवस वाडग्याकडे पाठ फिरवून बसला, तर मात्र ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही!

शेजारच्या काकूंची तक्रार नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय नाही, पहाटे सहाला पट्टा धरून खाली उतरणं नाही. ससा पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली दहा मिनिटं हेच कौतुक ऐकायला मिळेल. वन बीएचकेत मावतो, थोडी सवय लावली की लिटर ट्रेमध्येच ‘जाऊन’ येतो, सोफ्याखाली मस्तपैकी तंगड्या पसरून झोपतो. आणि स्वारी खुशीत असली की हवेत उडी मारून अंगाला अशी काही गिरकी देते की ऑफिसचा सगळा शीण उतरतो. या उडीला ससेप्रेमींच्या जगात ‘बिंकी’ असं गोड नाव आहे.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. ससा बरा असतो तेव्हाही शांत असतो आणि आजारी असतो तेव्हाही! कुत्र्याला दुखलंखुपलं तर तो कण्हतो. मांजर ओकून मोकळं होतं. ससा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि खाणं थांबवतो. त्याची तक्रार ती एवढीच. ती ऐकू येत नाही, बघावी लागते.

आणि बघायला आपण घरी असतो कधी? सकाळी नऊला जिना उतरलेले आपण रात्री साडेनऊला दार उघडतो. वाडग्यात सकाळची कोथिंबीर तशीच, सुकलेली. ससा पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला गोळा होऊन बसलेला. मनात पहिला विचार काय येतो? ‘मूड नसेल. उकाडा आहे. सकाळी खाईल.’ आपण शॉवर घेतो, जेवतो, एखादा एपिसोड बघतो आणि झोपतो. सशाच्या बाबतीत हीच रात्र सगळ्यात महागात पडू शकते.

लंघन? अजिबात नाही!

पोट बिघडलं की ‘एक वेळ काही खाऊ नकोस’ हे आपल्याकडे आजीपासून फॅमिली डॉक्टरपर्यंत सगळे सांगतात. लंघन म्हणजे परमौषध, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... उपासाचं आपल्याला कौतुकच. (साबुदाण्याची खिचडी हा त्यातला वेगळा विषय!) कुत्रं एखाद दिवस जेवलं नाही तरी आपण फारसं मनावर घेत नाही आणि बहुतेकदा ते चालूनही जातं.

सशाला हा नियम लावायचा नाही. सशाने खाणं थांबवणं ही आजाराची खूण तर आहेच, पण काही तासांत तोच एक आजार होऊन बसतो. म्हणून जाणकार व्हेट सांगतात, की आठ ते बारा तास सशाने काहीच तोंडात घेतलं नसेल, तर ती इमर्जन्सी समजायची. कारण नंतर शोधता येतं, फोन आधी करायचा.

असं का? त्यासाठी सशाच्या पोटात जरा डोकावून बघू या.

ससा हे दिवसभर थोडं थोडं चरणारं जनावर आहे. आपल्यासारखं ब्रेकफास्ट-लंच-डिनर त्याला नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला जोर जास्त, पण मधूनमधून तोंड चालूच. निरोगी सशाचं जठर कधीच पूर्ण रिकामं नसतं. खाल्लेलं गवत आतड्यातून पुढे सरकतं आणि तिथे त्याची चक्क वाटणी होते. जाड, न पचणारे तंतू एका बाजूने सरळ बाहेर, त्याच त्या गोल कोरड्या लेंड्या. बारीक, पचण्याजोगा भाग मात्र मागे फिरून उंडुकात जातो. माणसाच्या पोटात हा अवयव नावापुरता, सशाच्या पोटात तो जठराच्या कितीतरी पट मोठा. तिथे कोट्यवधी जिवाणू या मालाला आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या गोळ्या ससा थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. ‘ईईई...’ म्हणू नका! त्यात प्रथिनं असतात, बी जीवनसत्त्वं असतात. त्याच्यासाठी ते टॉनिकच.

आता हे सगळं यंत्र चालतं कशावर? जाड तंतूंच्या धक्क्यावर. मागून गवत येत राहिलं तर पुढचं सरकत राहतं. ससा खायचा थांबला, की हा धक्का बंद. आतडी मंदावतात, आतला माल सुकायला लागतो, उंडुकातल्या जिवाणूंचा तोल बिघडतो, गॅस होतो. गॅस झाला की पोट दुखतं. पोट दुखलं की ससा आणखी खात नाही. न खाल्ल्याने आतडी आणखी मंदावतात... असं हे चक्र. डॉक्टर मंडळी याला ‘जीआय स्टेसिस’ म्हणतात, म्हणजे पचनमार्ग ठप्प होणं. भरीस भर म्हणजे सशाला उलटी करताच येत नाही. आत गेलेलं वरून बाहेर पडायची वाटच नाही. अन्न मिळेना म्हटल्यावर शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतात साचायला लागते. गुबगुबीत सशांना हा धोका जास्त. म्हणजे ज्याचे गाल ओढायला आपल्याला सगळ्यात आवडतं, तोच उपासाला सगळ्यात कच्चा!

गाजराची गोष्ट

सशाला काय आवडतं? पहिलीतलं पोरही सांगेल, गाजर! या समजाला हातभार लावला तो कार्टूनवाल्यांनी. १९४० साली ‘अ वाइल्ड हेअर’मधून बग्ज बनी पडद्यावर आला आणि गाजर कुडकुडत गप्पा मारायची त्याची अदा जगभर गाजली. ही अदा क्लार्क गेबलच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) मधल्या गाजर खाण्याच्या सीनवरून उचलली, असं सांगितलं जातं. आपल्या ‘दिल है कि मानता नहीं’ची मूळ गोष्ट ती हीच. थोडक्यात, सशाच्या डाएटचा सल्ला आपण हॉलिवूडच्या एका हीरोकडून घेतलाय!

प्रत्यक्षात गाजर म्हणजे सशाची मिठाई. गोड असतं, म्हणून तो मिटक्या मारत खातो. कधीमधी एखादी चकती ठीक आहे. तीच गोष्ट केळ्याची, सफरचंदाची. आणि पोळीचा तुकडा, ब्रेड, चहाचं बिस्कीट, मुरमुरे, भिजवलेले हरभरे हे सशासाठी सरळ सरळ जंक फूड. त्यातली साखर आणि स्टार्च उंडुकातल्या जिवाणूंचं गणित बिघडवतात आणि जाड तंतू मात्र काहीच देत नाहीत. पोट ठप्प होण्याची सुरुवात अनेकदा इथे होते, दिसते मात्र कितीतरी दिवसांनी.

मग ताटात काय हवं? मोठ्या सशाच्या खाण्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग गवताचाच हवा, सुकं किंवा ताजं. रोज त्याच्या अंगाएवढा भारा समोर पडलेला असावा. पेट शॉपमध्ये टिमथी गवताची पाकिटं मिळतात. हरळीसुद्धा उत्तम, फक्त रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेल्या बागेतली नको. लॉन मशीनने कापून ढीग घातलेलं गवतही नको, ते लवकर आंबतं. लसूणघास मात्र पिल्लांसाठी ठेवा. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, मोठ्या सशाला ते जास्त होतं.

जोडीला मूठ-दोन मूठ पाला: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. (बघा, गाजराचा खरा उपयोग वरच्या पाल्यात आहे.) पालक जपून, रोज नको. तयार पेलेट्स वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, वाडगा भरून नव्हे. कांदा, लसूण, चॉकलेट, अव्होकाडो यांना सक्त मनाई. आणि हॉलमधल्या मनी प्लांटची, डिफेनबेकियाची कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी उंचावर.

खाण्यात बदल करायचा तर हळूहळू, आठवडा-दोन आठवडे घेऊन. आज हा लेख वाचला आणि उद्या सगळं बंद करून नुसतं गवत टाकलं, असं करू नका. चटकलेला ससा मग रुसून उपाशीच बसेल आणि आपण पुन्हा मूळ पदावर!

दात आहेत की नखं?

खाणं सुटण्यामागे आणखी एक नेहमीचा संशयित म्हणजे दात. सशाचे २८ दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात, आपल्या नखांसारखे. पुढचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दात एकमेकांवर घासून झिजतात. मऊमऊ खाण्यात ही झीज होत नाही. मग मागच्या दाढांना टोकं फुटतात आणि ती जिभेला, गालाला आतून कापत राहतात. आखूड तोंडाच्या ड्वार्फ आणि लोंबत्या कानांच्या लॉप जातींमध्ये हा त्रास जास्त दिसतो.

अशा सशाला भूक असते, पण खाता येत नाही. तो धावत वाडग्यापाशी येतो, तुकडा उचलतो आणि टाकून देतो. गवत सोडून फक्त मऊ पाला निवडतो. हनुवटी ओली राहते, डोळ्यातून पाणी येतं. ‘हल्ली जाम चूझी झालाय’ असं म्हणून आपण हसण्यावारी नेतो. पुढचे दात ओठ वर करून घरी बघता येतात, पण मागच्या २२ दाढा व्हेटने उपकरण घालूनच बघायच्या. दात किंवा दाढा घरच्या नेलकटरने कापायचा उद्योग करू नका. दात उभा चिरतो आणि दुखणं वाढतं.

चेहरा वाचायला शिका

आभाळ पडलं म्हणून पळत सुटलेल्या सशाची गोष्ट आपण लहानपणी हसत हसत ऐकली. पण भित्रेपणा हा त्याचा जगण्याचा मंत्र आहे. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो. त्यामुळे दुखणं लपवणं हे त्याच्या रक्तातच. तुमच्या बेडरूममध्ये लांडगे नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

तरी चेहरा थोडं बोलतोच. २०१२ साली संशोधकांनी सशांच्या वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्याची एक मोजपट्टीच तयार केली. त्यात पाच गोष्टी बघतात: डोळे अर्धवट मिटलेले, गाल चपटे झालेले, नाकाचा आकार टोकदार, मिशा ताठ आणि कान आवळून मागे. गोंजारताना ससा दात हलकेच कटकटवतो, तो खुशीचा आवाज. पण कुणी हात लावलेला नसताना, गोळा होऊन बसून करकर मोठ्याने दात खात असेल, तर ते दुखणंच.

पण सगळ्यात खरा रिपोर्ट मिळतो लिटर ट्रेमध्ये! ससा दिवसाला शेकड्यांनी लेंड्या टाकतो. त्या मोठ्या, गोल, एकसारख्या आणि फोडल्या तर आत गवताचा भुसा दिसेल अशा असल्या, की कारखाना नीट चाललाय. त्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या, केसांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या किंवा संख्या घटली, तर समजा मशीन मंदावलंय. ट्रे रिकामाच असेल तर मशीन बंद पडलंय. अनेकदा खाणं पूर्ण सुटण्याच्या एक-दोन दिवस आधीच ट्रे ही बातमी देतो. दोन ससे एकत्र असतील तर मात्र कोण खातंय आणि कोण नाही हे ट्रेवरून कळत नाही. त्यासाठी रोज दोघांच्याही तोंडासमोर आवडीचा पाला धरून बघायचा. पाच सेकंदांचं काम.

केसांच्या गोळ्यावर खापर

‘अंग चाटताना पोटात केस जातात, त्याचा गोळा होतो आणि पोट बंद पडतं. अननसाचा रस पाजा, गोळा विरघळेल!’ हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देणारच. पूर्वी हे शास्त्र म्हणूनच सांगितलं जायचं. आताची समज बरीचशी उलटी आहे. निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच आणि ते गवताबरोबर निघून जातात. आतडी मंदावली आणि पाणी कमी पडलं, की तेच केस बाकी अन्नाबरोबर सुकून गोळा होतात. म्हणजे गोळा हा बहुतेकदा परिणाम असतो, कारण नव्हे. आणि अननसाचा रस? तो केस विरघळवत नाही, साखर तेवढी पोटात घालतो.

अर्थात केसांचा घट्ट पिळा आतड्यात अडकून रस्ता खरोखरच बंद झाला, असंही कधी कधी होतं. ते वेगळं आणि जास्त भयंकर प्रकरण. सकाळी बागडणारा ससा संध्याकाळी आडवा, पोट ढोलकीसारखं टणक, कान थंडगार. इथे हिशोब तासांचाच असतो. केस झडण्याच्या दिवसांत रोज ब्रश फिरवायचा तो यासाठीच.

घरातला ताण

आता स्ट्रेस. हा शब्द आपण ऑफिससाठी राखून ठेवलाय, पण सशाचं पोट ताणाने आपल्यापेक्षा लवकर बिघडतं. घर बदललं, जोडीदार गेला, घरात नवं कुत्रं आलं, पाहुण्यांच्या मुलांनी दिवसभर उचलून उचलून हैराण केलं... एवढंही पुरतं. आपल्याकडे त्यात दोन मोठे सीझन. एक गणपती ते दिवाळी. खिडकीखालून जाणारा विसर्जनाचा डीजे किंवा लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची आतषबाजी ज्या कानांनी तो ऐकतो, ते कान बघा एकदा! त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत, पडदे ओढून, लपायला पुठ्ठ्याचं खोकं आणि भरपूर गवत देऊन ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाआधी ट्रे बघायचा.

दुसरा सीझन उन्हाळा. आपण पाळतो तो ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. (आपल्या माळरानावरचा काळ्या मानेचा ससा वेगळा. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला पाळता येत नाही.) त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते. पारा तिशीच्या पुढे गेला की त्याचे हाल सुरू. विदर्भातला मे महिना सोडाच, बंद फ्लॅटमधली मुंबईची दमट दुपारही त्याला जड जाते. पंख्याची हवा खेळती ठेवा, टेकायला थंड फरशी द्या, गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून जवळ ठेवा. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड वाडग्यातून द्या, तसं ससे जास्त पितात. पाणी कमी पडलं तरी पोट सुकतं, हे लक्षात ठेवा.

आणि हो, वीकएण्ड! शुक्रवारी रात्री खाणं-पाणी भरून ठेवून थेट सोमवारी परत, ही सोय ससेवाल्यांना नाही. दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन बघायलाच हवं. तेही नुसतं खाणं टाकणारं नको, तो खातोय का हे बघणारं हवं.

रात्री साडेदहाला काय करायचं?

समजा, आज तुम्ही घरी आलात आणि ससा खातच नाहीये. घाबरू नका, पण वेळही घालवू नका.

आधी त्याच्या अगदी लाडक्या पदार्थाचा तुकडा तोंडासमोर धरा. तोही नाकारला, तर ‘मूड’ हा मुद्दा निकालात निघाला. मग ट्रे बघा, शेवटच्या लेंड्या कधीच्या आणि कशा. कान हाताला थंड लागतात का ते बघा. सशाचं नॉर्मल तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. अंग थंड पडत चाललेला ससा म्हणजे गंभीर मामला. अशा वेळी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या बाजूला ठेवा, मात्र नको असेल तर त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. उन्हाने तापलेला असेल तर अर्थातच उलट: सावली, पंखा, कानांना ओलं बोट. थंड पाण्यात बुडवणं नाही.

आणि लगेच व्हेटला फोन. बरोबर नेताना बास्केटमध्ये त्याचंच गवत टाका, लेंड्यांचा फोटो काढून ठेवा.

काय करायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. पोट फुगून टणक झालं असेल तर सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका. रस्ता बंद असेल तर ते जिवावर बेततं. बाळांचे गॅसचे थेंब बरेच जण देतात, पण तो उपचार नव्हे आणि त्यावर भरवसा ठेवून सकाळची वाट बघणं तर मुळीच नको. आपल्या ड्रॉवरमधल्या पेनकिलर आणि उरलेल्या अँटिबायोटिक्सला हातही लावू नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा अॅम्पिसिलिन सशाच्या उंडुकातले चांगले जिवाणू मारतं आणि त्यातून ससा दगावू शकतो. जे औषध आपल्या घशाला बरं करतं, तेच त्याच्या पोटाला विष.

व्हेटकडे काय होतं? तपासणी, बहुतेकदा एक्स-रे, आणि मुख्य निर्णय एकच: आतडी नुसती मंदावलीत की रस्ता अडलाय? यात रक्तातली साखरही मदत करते. २०१२ साली ब्रिटनमधल्या फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं, की आतड्यात अडथळा असलेल्या सशांची साखर नुसत्या स्टेसिसवाल्यांपेक्षा खूप जास्त चढलेली असते. ३६० मिलिग्रॅमच्या वर गेली तर धोक्याची घंटा. थेंबभर रक्तात कळणारी गोष्ट! अडथळा नसेल तर सलाइन, ऊब, दुखणं थांबवणारं औषध, आतडी हलवणारं औषध आणि सिरिंजने पातळ तंतुमय खाणं. यात वेदनाशामक फार मोलाचं. दुखणं थांबल्याशिवाय ससा खात नाही. वेळेत पोचलेले ससे बरे होतात. दाखल करतानाच अंग थंड पडलेल्या सशांचं मात्र कठीण असतं. म्हणून ‘सकाळी बघू’ नको.

व्हेट कसा निवडाल?

शहरात व्हेट भरपूर, पण त्यांचा बहुतेक दिवस कुत्र्या-मांजरांत जातो. ससा बघणारा डॉक्टर आजारपणाच्या रात्री शोधायला निघालात तर उशीर होणार. आधीच, ससा ठणठणीत असताना भेटून या. जाता जाता एक प्रश्न विचारा: ‘ऑपरेशन असेल तर आदल्या रात्रीपासून याला उपाशी ठेवायचं का?’ सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला आपल्यासारखं उपाशी ठेवायची गरज नसते. उलट ऑपरेशननंतर तो लवकरात लवकर खायला कसा लागेल, याचीच धडपड असते. डॉक्टर हे स्वतःहून समजावून सांगत असतील, तर नंबर सेव्ह करा. ‘हो, रात्रभर काही देऊ नका’ म्हणाले, तर गोड हसून बाहेर पडा आणि दुसरा शोधा.

फ्रिजवर लावून ठेवा!

* रोज सकाळी निघण्याआधी आणि रात्री आल्याबरोबर ट्रे बघायचा. बूट काढायच्या आधी चालेल!
* दिवसातून दोनदा हातातून एक पान. घेतलं, तर ठीक.
* आठवड्यातून एकदा किचनच्या काट्यावर वजन. आकडा कॅलेंडरवर लिहायचा.
* गवत कधीच संपू द्यायचं नाही. पाकीट निम्म्यावर आलं की ऑर्डर.
* ससा बघणाऱ्या दोन व्हेटचे नंबर. त्यातला एक तरी रात्री फोन उचलणारा.
* सुट्टीवर जाताना सांभाळणाऱ्याला एकच वाक्य पाठ करायला लावायचं: ‘खाल्लं नाही तर लगेच फोन.’

पिंजऱ्यातला पांढरा कापसाचा गोळा बघून ‘किती सोप्पं आहे रे!’ म्हणत ससा घरी आणायचा मोह कुणालाही होईल. जरूर आणा. पण आणण्याआधी स्वतःला एक विचारा: रोज रात्री, कितीही दमलेलो असलो तरी, दोन मिनिटं खाली बसून याच्या लेंड्या बघायची माझी तयारी आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर आठ-दहा वर्षांचा एक भन्नाट रूममेट तुमची वाट बघतोय. आणि ससा आधीपासूनच घरी असेल, तर हे पान मिटा आणि आधी ट्रेकडे एक चक्कर मारून या.